एका ओळीचा ठराव आणि एक चेहरा

प्रश्न असा आहे: "पूर्वी लोक पक्ष बघून मत द्यायचे, आता नेत्याचा चेहरा बघून देतात. हे टीव्ही आणि मोबाइलमुळे झालं का? आणि एकट्या माणसाचं वजन इतकं वाढणं लोकशाहीला धोक्याचं आहे का?"

मी पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात बरीच वर्षं वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांची निवडणूक कचेरी सांभाळली आहे. भाषणं लिहिणं माझं काम नव्हतं. उमेदवारी अर्ज, शपथपत्र, खर्चाची नोंदवही, सभांच्या परवानग्या, बूथच्या याद्या हे माझं खातं. त्यामुळे उत्तर जरा कागदपत्रांच्या अंगानं जाईल. टीव्ही आणि मोबाइलनं चेहरा मोठा करून दाखवला हे खरं, पण तो मोठा होण्याची सोय पक्षांनी आपल्या कारभारात आणि संसदेनं कायद्यात फार आधी करून ठेवली होती.

आधी "पूर्वी लोक पक्ष बघून मत द्यायचे" याबद्दल. हे अर्धंच खरं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचा चेहरा नेहरूच होते, आणि त्यांच्याइतका लोकप्रिय नेता तेव्हा देशात दुसरा नव्हता. पण या चेहऱ्याला 'नाही' म्हणणारे घरातच होते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणावरून चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं, आणि मंत्रिमंडळात चर्चा न होता निर्णय जाहीर केला जातो, ही तक्रार संसदेत उभं राहून केली. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसची दाणादाण उडवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेत काळी निशाणं होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे चेहरा तेव्हाही प्रचंड होता, पण पक्षातून, मंत्रिमंडळातून आणि मतपेटीतून त्याला वाकवता येत होतं.

ही वाकवण्याची सोय कशी गेली ते बघायचं तर १९६९ कडे यावं लागतं. राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकानं मत द्या असं सांगितलं आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. नोव्हेंबरात पक्षानं इंदिराजींना काढलं आणि पक्षच फुटला. १९७१ ला त्यांनी मुदतीआधी लोकसभा निवडणूक घेतली, त्यामुळे ती विधानसभांपासून सुटी झाली. याचा परिणाम फारसा कोणी मोजत नाही. विधानसभेबरोबर निवडणूक असली की आमदारकीचा उमेदवार, जिल्ह्याचा नेता, कारखान्याचा चेअरमन यांच्या जोरावर खासदार निवडून येतो. एकटी लोकसभा असली की प्रश्न उरतो तो दिल्लीत कोण. विरोधक म्हणाले 'इंदिरा हटाओ', त्या म्हणाल्या 'गरिबी हटाओ', आणि ३५२ जागा आल्या. त्यानंतर काँग्रेसमध्ये १९७२ ला संघटनात्मक निवडणुका झाल्या, त्या पुढच्या थेट १९९२ ला. मधली वीस वर्षं तालुक्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्या नेमणुका वरून.

महाराष्ट्रात त्याचे पडसाद ढळढळीत दिसतात. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. १९८० ते १९८८ या आठ वर्षांत मात्र अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा जण त्या खुर्चीवर बसले. आमदारांची बैठक व्हायची, दिल्लीहून निरीक्षक यायचे आणि एका ओळीचा ठराव व्हायचा: नेतानिवडीचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. एकमतानं, टाळ्यांच्या गजरात. मग दिल्लीहून नाव यायचं. तेव्हा या प्रकाराला हसणारे बाकीचे पक्ष नंतर तोच ठराव त्याच शब्दांत करू लागले. आता विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत निरीक्षक खिशातून चिठ्ठी काढतात आणि आपल्याला त्यात वावगंही वाटत नाही.

शिवसेनेचं मूळच निराळं. १९६६ ला स्थापना झाली तीच एका माणसाभोवती. बाळासाहेब ठाकऱ्यांनी कधीही निवडणूक लढवली नाही आणि १९९५ च्या युती सरकारात रिमोट कंट्रोल आपल्या हातात आहे हे उघड सांगितलं. मला त्यात निदान ढोंग दिसत नाही. लोकशाहीची घटना छापून आत सुभेदारी चालवणाऱ्यांपेक्षा हे स्वच्छ होतं.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. ए-बी फॉर्म हा शब्द महाराष्ट्रात वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, फॉर्म पाहिलेले लोक थोडे. ए फॉर्म म्हणजे पक्षाच्या वतीनं उमेदवारांची नावं कळवायचा अधिकार कोणाला आहे हे सांगणारा कागद. बी फॉर्म म्हणजे या मतदारसंघात आमचा अधिकृत उमेदवार अमुक, आणि त्याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी तमुक. दोन्ही शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत. सही शाईची हवी, रबरी शिक्का चालत नाही. फॅक्सनं आलेला चालत नाही. तीन वाजून पाच मिनिटांनी आणलात तर तुम्ही अपक्ष, मग तुमचे आजोबा पक्षाचे संस्थापक का असेनात. शिवाय आधी दिलेला बी फॉर्म रद्द करून नव्या नावाचा देता येतो. त्यामुळे सकाळी मिरवणुकीनं गुलाल उधळत अर्ज भरून आलेला माणूस दुपारी अडीच वाजता तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभा राहून फोन लावत असतो आणि पलीकडून कोणी उचलत नाही, हे दृश्य मी वेगवेगळ्या पक्षांत पाहिलं आहे.

या कागदामागे तालुक्याचा ठराव असलाच पाहिजे, पक्षसदस्यांचं मतदान झालंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. एका अधिकृत माणसाची सही पुरते. ती सही कोणाच्या सांगण्यावरून होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि इच्छुक माणूस पाच वर्षं त्या एका सहीकडे बघून वागतो. मतदारसंघात फिरण्यापेक्षा मुंबईच्या बंगल्यावर चकरा मारणं त्याला शहाणपणाचं वाटतं. सतरंज्या उचलणारा निष्ठावंत मागं राहतो आणि आदल्या रात्री पक्षात आलेल्या आयात उमेदवाराला फॉर्म मिळतो, तो याचमुळे.

निवडून आल्यावर दुसरी दोरी. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलात तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. घोडेबाजार थांबवायला हे आणलं होतं. एक-तृतीयांश जण एकत्र फुटले तर अपात्रता नाही, ही पळवाट २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं बंद केली आणि दोन-तृतीयांश जणांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची ठेवली. परिणाम काय झाला बघा. एखाद्या आमदाराला आपल्याच पक्षाचं एखादं विधेयक शेतकऱ्याच्या मुळावर येतंय असं वाटलं, तर त्याला एकट्याला विरोधात मत देता येत नाही. चाळीस जण घेऊन मात्र रातोरात सुरतेला जाता येतं. एकट्याचा मतभेद अपात्र ठरतो, घाऊक बंड पचतं. आणि घाऊक बंड करायचं तर त्यालाही पुढारी लागतो. नेत्याविरुद्धची नाराजी आपल्याकडे धोरणाच्या भांडणातून बाहेर पडत नाही, ती दुसरा नेता होऊनच बाहेर पडते, याचं निम्मं कारण या अनुसूचीत आहे असं माझं मत आहे.

पैशाचंही तसंच. १९६९ ला कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली, ती १९८५ ला उठली. मधल्या काळात पैसा काही थांबला नाही, तो हिशेबाबाहेर गेला. हिशेबाबाहेरचा पैसा विश्वासाच्या दोन-चार हातांतच राहतो. पक्षांना निनावी देणगी देण्याचे २०१८ चे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, पण तोवर त्यांतला पैसाही पक्षाच्या मुख्यालयात गेला होता. शिवाय विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख. पक्षाला मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारकांची यादी देता येते आणि त्यांच्या हेलिकॉप्टरचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. उमेदवार मंचावर असला किंवा त्याचा फोटो लागला, की सभेच्या खर्चातला वाटा मात्र त्याच्या नोंदवहीत येतो. म्हणून आम्ही मोठी सभा असली की आजूबाजूच्या चार-पाच मतदारसंघांतले उमेदवार मंचावर आणायचो, म्हणजे खर्च विभागला जातो. कायद्यानं जणू सांगून ठेवलंय की उमेदवारानं हात आखडून प्रचार करावा, नेत्यानं मोकळ्या हातानं.

मग लोकांना दिसतो तो फ्लेक्स. कधी एखाद्या डिझायनरच्या दुकानात अर्धा तास बसा. वर गोल चौकटींत नेत्यांचे फोटो, डावीकडून उजवीकडे मानाप्रमाणे; मध्ये वाढदिवसाचा किंवा निवडीचा माणूस; खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. भांडण होतं ते वरच्या ओळीवरून. जिल्ह्याच्या कोणत्या नेत्याचा गोल दुसऱ्याच्या आधी आला, कोणाचा दोन सुतांनी मोठा झाला, यावरून फ्लेक्स उतरवून पुन्हा छापलेले मी पाहिलेत. पाण्याच्या टाकीबद्दल, रस्त्याबद्दल त्यावर एक अक्षर नसतं. मजा म्हणजे पक्षचिन्ह दर वर्षी थोडं लहान होतं आणि कोपऱ्यात सरकतं. मतदान यंत्रावर २०१५ पासून उमेदवाराचा फोटो आला, तोही सारख्या नावांचा गोंधळ टाळायला. नेत्याचा फोटो तिथे नाही, पण ज्याच्या नावानं लोक बटण दाबतात तो बऱ्याचदा त्या यंत्रावरच नसतो.

सरकारी जाहिरातींचंही सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये सांगितलं की अशा जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो चालतील. मार्च २०१६ मध्ये राज्यांच्या विनंतीवरून मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांचेही चालू झाले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी राज्यं या मागणीत एकत्र होती. २०२४ च्या लाडक्या बहिणीच्या योजनेचं अधिकृत नाव 'मुख्यमंत्री' या शब्दानं सुरू होतं, आणि सत्तेतल्याच एका पक्षाच्या जाहिरातींतून तो शब्द गळाला म्हणून मित्रपक्षांत कुरबुर झाली. महिन्याला १,५०० रुपये खजिन्यातून जात होते, वाद होता देणारा भाऊ कोण यावर.

आता दुसरी बाजू, कारण चेहऱ्याची ताकद लोक वाजवीपेक्षा जास्तही समजतात. राज ठाकऱ्यांचं उदाहरण घ्या. त्यांच्याइतकी गर्दी खेचणारा वक्ता आज महाराष्ट्रात शोधावा लागेल. २००९ ला मनसेचे १३ आमदार आले. २०१४ ला एक, २०१९ ला एक, २०२४ ला शून्य. २०१९ च्या लोकसभेला तर पक्षानं एकही जागा न लढवता त्यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सभा घेतल्या, मैदानं ओसंडली, आणि युतीनं ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. टीव्ही आणि मोबाइलनंच चेहरा मोठा होत असता तर हे व्हायला नको होतं. सभेचं मत पेटीपर्यंत नेणारा माणूस बूथवर लागतो. मतदानाच्या दिवशी दुपारी दोननंतर यादी हातात घेऊन 'आत्याबाई, चला' म्हणणारा.

साताऱ्याची पावसातली सभाही अशीच. १८ ऑक्टोबर २०१९ ला शरद पवार भर पावसात बोलले, पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी उदयनराजेंना हरवलं, आणि सगळे म्हणाले पावसानं निवडणूक फिरवली. मला नाही तसं वाटत. साताऱ्यात सोसायट्या, दूध संघ, कारखाने, बाजार समित्या यांचं जाळं होतं आणि त्यातले कार्यकर्ते घरी बसले होते. त्या फोटोनं त्यांना उठवलं. जाळंच नसतं तर फोटो नुसता फिरत राहिला असता. पाच वर्षांनी तेच उदयनराजे कमळावर तिथूनच निवडून आले. आणि २०२४ मध्येच बघा: एप्रिल-मेच्या लोकसभेला मोदींचा चेहरा समोर असताना महायुतीला महाराष्ट्रात १७ जागा आल्या, नोव्हेंबरात एकट्या भाजपचे १३२ आमदार झाले. चेहरा तोच होता.

मतदाराला मी दोष देत नाही. २०१९ ला त्यानं युतीला मत दिलं, मिळालं आघाडीचं सरकार; त्याआधी एक पहाटेचा शपथविधीही झाला. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. ज्याच्याविरुद्ध मत दिलं तो ज्याला मत दिलं त्याच्या शेजारी मंत्रिमंडळात बसला. अशा वेळी पक्षाचं नाव मतदाराला काहीच सांगत नाही. ओळखीचा चेहरा निदान कोणाकडे काम घेऊन जायचं ते सांगतो. तो हिशेब अगदी व्यवहारी आहे.

धोका कुठे आहे ते मला या दोन फुटींच्या निकालांत दिसलं. १९६९ च्या फुटीत निवडणूक आयोगानं खरी काँग्रेस कोणती हे ठरवताना आमदार-खासदारांबरोबर अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्यही मोजले, कारण मोजता येईल अशी संघटना होती. २०२३ च्या फेब्रुवारीत शिवसेनेच्या वादात आयोगानं म्हटलं की पक्षाच्या २०१८ च्या घटनेवर विसंबता येत नाही, ती लोकशाही पद्धतीची नाही. आणि अखेर ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार या मोजणीवर नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. वर्षभरानं राष्ट्रवादीच्या वादातही संघटनेचं बहुमत ठरवता येईना, पुन्हा आमदारच मोजले. निकाल कोणाला पटो न पटो, त्यातलं निदान गंभीर आहे. लाखो सदस्य सांगणाऱ्या पक्षात विश्वासानं मोजावीत अशी माणसं सापडली नाहीत. नेते होते, आमदार होते, मधला पक्ष नव्हता. ज्या नेत्यानं ही मधली जागा आपल्या सोयीसाठी रिकामी ठेवली, त्याच्या हातून पक्ष जाताना तीच जागा त्याला वाचवू शकली नाही.

ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांनी १९७९, १९८३ आणि १९८७ अशा तीन निवडणुका जिंकून दिल्या होत्या. त्यांच्याइतकं एका व्यक्तीभोवती फिरणारं सरकार तिकडे क्वचित झालं. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी गुप्त मतदान केलं. २०४ मतं थॅचर यांना, १५२ त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी हेसल्टाइन यांना. पहिल्या फेरीत जिंकायला नियमानं जी आघाडी लागत होती तिला चार मतं कमी पडली आणि दोन दिवसांत त्यांनी राजीनामा जाहीर केला. ना कोणी हॉटेलात गेलं, ना चिन्ह गोठलं, ना पक्ष फुटला. आपल्याकडे सत्ताधारी पक्षाचे आमदार आपल्या मुख्यमंत्र्याबद्दल असं गुप्त मतदान करताहेत अशी कल्पनाही हसण्यावारी जाईल.

आणि ही सवय आता खालीही उतरली आहे. थेट सरपंच आणि थेट नगराध्यक्ष आपण २०१६-१७ मध्ये आणले, २०२० मध्ये काढले, २०२२ मध्ये पुन्हा आणले. प्रत्येक वेळी कारण गावाच्या भल्याचं सांगितलं, हिशेब मात्र कोणाला कोणती पद्धत सोयीची याचा होता. सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे अशा गावांत काय होतं ते ग्रामसेवकाला विचारा: मासिक सभेला कोरम नाही, ठराव अडकलेला, निधी पडून. त्यात २०२२ नंतर कित्येक जिल्हा परिषदा आणि महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले. दुसऱ्या फळीचा नेता तयार होतो तो तिथेच, स्थायी समितीत आणि सर्वसाधारण सभेत भांडून. ती शाळा इतकी वर्षं बंद ठेवली की वरच्या माणसाला आव्हान देणारा येणार कुठून?

तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझं उत्तर: नेता मोठा असण्याची मला भीती वाटत नाही, त्याला आतून हटवायची वाट नसण्याची वाटते. उपाय विचाराल तर पक्षांतर्गत निवडणुका सक्तीच्या करा असं सगळे सांगतात. निवडणूक आयोगाला कळवायच्या कागदावर त्या होतातच, बिनविरोध. मी त्याआधी व्हिपला हात घालीन. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं की व्हिप मोडल्याबद्दल अपात्रता विश्वास-अविश्वास ठरावासारख्या मोजक्या मतदानांपुरतीच ठेवावी. तेवढं झालं तरी सरकार न पाडता आमदाराला आपल्या नेत्याविरुद्ध एखाद्या विधेयकावर मत देता येईल, आणि पुढच्या वेळी एका ओळीचा ठराव मांडताना निरीक्षकाला समोरची डोकी मोजावी लागतील. गेली पस्तीस वर्षं ही शिफारस पडून आहे. मधल्या काळात जवळजवळ सगळे पक्ष सत्तेत येऊन गेले. तिला कोणी हात लावला नाही, कारण विरोधात बसलेल्या पक्षाध्यक्षालाही आपले आमदार बांधूनच ठेवायचे असतात.